पीचच्या कोवळ्या फळातील जनुकक्रिया : दोन जातींची तुलना दिवसांवर करावी की अवस्थेवर?

जनुकवाचक, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी पीचच्या फळाची सुरुवातीची वाढ हा विषय घेतला आहे. आपल्याकडची थंडी पाहता इथे पीचची बाग असण्याचा प्रश्नच नाही. मला पीच माहीत आहे ते मे-जूनमध्ये उत्तरेकडून पेटीत येणारे पिकलेले फळ म्हणून. त्यामुळे स्वतः नमुने गोळा करण्याऐवजी, इतर संशोधकांनी सार्वजनिक संग्रहात ठेवलेला आरएनए-वाचनांचा (कोणत्या जनुकाच्या आरएनएचे किती तुकडे वाचले गेले याचा) डेटा उतरवून मी त्याचे विश्लेषण करते आहे.

माझ्याकडे दोन जाती आहेत. एक लवकर पिकणारी, जिचे फळ पूर्ण बहरानंतर साधारण ८० दिवसांत काढणीला येते, आणि दुसरी उशिरा पिकणारी, जिला १३० दिवसांहून अधिक लागतात. दोन्हींचे बहरानंतर २०, ४० आणि ६० दिवसांचे नमुने मी निवडले. २० व्या दिवशी दोन्ही जातींत पेशीविभाजनाशी संबंधित जनुके, म्हणजे सायक्लिन वगैरे, जोरात चाललेली दिसतात आणि जातींमध्ये फारसा फरक नाही. ४० व्या दिवशी लिग्निन, म्हणजे पेशीभिंतींना लाकडासारखे कठीण करणारे द्रव्य, तयार करणाऱ्या मार्गातील जनुके दोन्हींत वर येऊ लागतात. ६० व्या दिवशी मात्र चित्र एकदम पालटते : उशिराच्या जातीत लिग्निनची जनुके अजून वरच्या पातळीवर आहेत आणि लवकरच्या जातीत ती जवळपास दिसतच नाहीत. मी काढलेल्या यादीत सर्वांत मोठा फरक याच जनुकांचा आहे.

मार्गदर्शकांचे म्हणणे असे की निष्कर्ष सरळ आहे, उशिराच्या जातीत लिग्निनची जनुके अधिक सक्रिय असतात आणि म्हणून तिची कोय अधिक टणक होते, असे लिहून टाकावे. मला ते लिहिताना हात अडतो आहे, पण का अडतो आहे हे नीट मांडताही येत नाही. दोन्ही नमुने ६० दिवसांचेच आहेत, मग तुलना चुकली कुठे? शिवाय ४० व्या दिवसाच्या आसपास फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतील रंगद्रव्यांचा एक वर्ग) तयार करणारी जनुके खाली येताना दिसतात, त्याचा लिग्निनशी काही संबंध आहे का? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

जुनी पाटी

आपला हात अडला हे चांगले झाले. आपण दोन फळांचे वय सारखे धरले आहे, पण त्यांची अवस्था सारखी आहे की नाही हे तपासलेले नाही, आणि सगळी गडबड तिथे आहे.

पीच हे आंब्यासारखे, बोरासारखे अश्मगर्भी फळ आहे. त्याच्या फलावरणाचे तीन थर पडतात : बाहेरची लव असलेली साल, मधला गर आणि आतले कठीण कवच, ज्याला आपण कोय म्हणतो आणि ज्याच्या आत बी असते. बहरापासून काढणीपर्यंत फळाचा व्यास मोजत गेलो तर आलेख एका दमात चढत नाही, तो दोन टप्प्यांत चढतो. पहिल्या अवस्थेत पेशींचे विभाजन होते आणि फळ झपाट्याने वाढते. गराच्या पेशींची संख्या बहुतांशी पहिल्या चारेक आठवड्यांत ठरून जाते. दुसऱ्या अवस्थेत बाहेरून फळ थबकल्यासारखे वाटते, पण आत कोय कठीण होत असते आणि बीमधला गर्भ वाढत असतो. तिसऱ्या अवस्थेत गराच्या पेशी फुगतात आणि फळ पुन्हा वाढू लागते. चौथी अवस्था पिकण्याची.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या जातींमधला मोठा फरक दुसऱ्या अवस्थेच्या लांबीत असतो. पहिली अवस्था दोन्हींत त्या मानाने सारखीच चालते, म्हणूनच आपल्याला २० व्या दिवशी फरक दिसला नाही. लवकरच्या जातीत दुसरी अवस्था अगदी आखूड असते, कधी कधी इतकी की वाढीच्या आलेखात ती सपाट पायरी शोधावी लागते. उशिराच्या जातीत ती कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणजे ६० व्या दिवशी आपली एक जात कोयीचे काम आटोपून गर फुगवण्याकडे वळली आहे आणि दुसरी अजून कोयीवरच बसली आहे. आपण एका जातीच्या तिसऱ्या अवस्थेची तुलना दुसरीच्या दुसऱ्या अवस्थेशी केली आणि जो फरक आला तो जातीच्या नावावर टाकला.

आपण कोल्हापुरात आहात म्हणून सांगतो. मे अखेरीला कपिलतीर्थ मंडईत लोणच्याच्या कैऱ्या घ्यायला जा. विकणाऱ्या मावशींना ही कैरी किती दिवसांची असे विचारून उपयोग नाही. त्या एक कैरी अडकित्त्याखाली धरतात आणि फोडतात. कोय धरलेली असेल तर पाते क्षणभर अडते, कट असा आवाज येतो आणि प्रत्येक फोडीला कोयीचा कडक पापुद्रा चिकटून येतो. कोय धरलेली नसेल तर सगळी कैरी काकडीसारखी चिरली जाते आणि मावशी ती लोणच्यासाठी देत नाहीत. एकाच झाडावरच्या, एकाच आठवड्यात मोहोर धरलेल्या दोन कैऱ्यांतही हा फरक सापडतो, मग दोन वेगळ्या जातींची काय कथा.

कोयीच्या टणकपणाबद्दलचा निष्कर्ष तर उलटा पडण्याचा धोका आहे. कोयीच्या पेशींच्या भिंतींवर लिग्निन पुरते चढले की त्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीत मोजायला आरएनए उरत नाही. म्हणून ६० व्या दिवशी लवकरच्या जातीत लिग्निनची जनुके दिसत नाहीत याचा अर्थ तिथे लिग्निन नाही असा नसून, ते काम उरकले आहे असाही असू शकतो. आरएनए त्या घटकेला काय लिहिले जात आहे ते सांगतो, आधी किती लिहून झाले ते सांगत नाही. कोय किती टणक आहे हे जाणून घ्यायचे असेल तर कोयच मोजावी लागेल. साधी पद्धत म्हणजे फळाचा काप काढून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लातील फ्लोरोग्लुसिनॉल टाकावे. जिथे लिग्निन आहे तिथे लाल रंग उमटतो. कोवळ्या पीचचे काप असे रंगवले तर काही दिवसांच्या अंतराने तो लाल पट्टा कोयीच्या जागी कसा भरत जातो हे नुसत्या डोळ्यांना दिसते. पीचमध्ये हे कठीण होणे सहसा कोयीच्या टोकाकडून सुरू होऊन देठाकडे सरकते, त्यामुळे आडवा काप नेमका कुठे घेतला यावरही उत्तर बदलते.

फ्लॅव्होनॉइडबद्दल आपण विचारले ते निरीक्षण मात्र खरे असावे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात पीचच्या कोयीत हेच दिसले होते : फ्लॅव्होनॉइडच्या मार्गातील जनुके आधी थोड्या काळासाठी वर येतात, मग झपाट्याने खाली जातात, आणि त्याच सुमारास लिग्निनची जनुके वर चढतात. दोन्ही मार्गांची सुरुवात एकच आहे. फिनाइलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लापासून निघून कूमारॉइल-कोए या संयुगापर्यंत वाट सामाईक आहे आणि तिथून फाटा फुटतो. आपल्याकडचा ऊस जसा एकतर कारखान्याला जातो नाहीतर गुऱ्हाळाला, आणि कारखान्याचा हंगाम भरात आला की गुऱ्हाळाला ऊस मिळणे अवघड होते, तसे हे आहे. अर्थात उसाच्या बाबतीत दर ठरवणारे बाहेर बसलेले असतात. इथे कोणता फाटा कधी उघडायचा हे नियामक जनुकांवर, म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांवर, अवलंबून आहे. त्याच कामात असेही दिसले की मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात शेंग तडकण्याच्या रेषेवर लिग्निन चढवणारी जी नियामक जनुके आहेत, शॅटरप्रूफ आणि एनएसटी-१ या नावांची, त्यांचीच भावंडे पीचच्या कोयीत काम करतात. शेंगेत जी एक अरुंद रेघ असते ती पीचमध्ये संपूर्ण कवच झाली, असे म्हणायला हरकत नाही.

डोंगरमाथा

मी मूळचा गारगोटीकडचा, गेली काही वर्षे उत्तरेत फळबागांच्या कामावर आहे आणि पीचचे नमुने प्रत्यक्ष काढलेले आहेत. जुनी पाटी सरांनी सांगितले ते सगळे मान्य आहे, त्यात बागेतील बाजू जोडतो.

पहिली गोष्ट म्हणजे बहरानंतरचे दिवस हे माप एकाच जातीतही दर वर्षी सारखे राहत नाही. फळाची पहिली अवस्था उष्णतेवर चालते. कॅलिफोर्नियात या विषयावर बरेच काम झाले आहे आणि त्यातून असे दिसले की बहरानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत किती उष्णता मिळाली यावर काढणीची तारीख बऱ्याच अंशी ठरते. वसंत ऋतू गरम गेला तर फळ लवकर तयार होते आणि सहसा लहानही राहते, कारण वाढीची घाई झाडाच्या पुरवठ्याच्या पुढे धावते. पंजाबच्या मैदानात शान-ए-पंजाब ही जात मेच्या सुरुवातीला काढणीला येते, तर हिमाचलच्या मधल्या उंचीवर जुलै एल्बर्टा तिच्या नावाप्रमाणे जुलैत येते. या दोघींची ४० दिवसांची फळे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे कागलच्या आणि काश्मीरच्या माणसाने एकाच तारखेला स्वेटर घातला का हे विचारण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या डेटाबद्दल विचारायची आहे. ते नमुने अख्ख्या फळाचे आहेत, गराचे आहेत की कोयीचे? बहरानंतर दोन-तीन आठवड्यांचे फळ बोराएवढेही नसते आणि त्यात गर कुठे संपतो व कोय कुठे सुरू होते हे सुरीने वेगळे करणे फार कठीण जाते, म्हणून बरेच जण त्या वयाचे फळ अख्खेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकतात. पुढे कोय कठीण झाली की तीच सुरी चालत नाही, छाटणीची कात्री लागते, आणि मग सोयीसाठी केवळ गराची फोड घेतली जाते. कागदावर दोन्हींचे नाव ‘फळ’ असेच राहते. अशा डेटात लिग्निनची जनुके ‘बंद झाली’ असे दिसले तर ती खरोखर बंद झाली की कोयच नमुन्यातून वगळली गेली, हे आधी पाहावे लागेल.

नमुने सगळे अख्ख्या फळाचे असले तरी एक अडचण राहतेच. फळ जसे मोठे होते तसा त्यातला गराचा वाटा वाढत जातो. कोयीतले एखादे जनुक पूर्वीइतकेच काम करत असले तरी गराच्या वाढत्या आरएनएमध्ये त्याचा हिस्सा पातळ होतो, जसे आमटीत पाणी ओतत गेल्यावर मीठ तेवढेच असूनही चव उतरते.

आणि एक शेवटचे, थोडे कामाचे आणि थोडे तक्रारीचे. कोवळ्या पीचमधून चांगला आरएनए काढणे ही शिक्षा आहे. फळ कापल्यावर मिनिटभरात काप तपकिरी पडतो, कारण त्यात फिनॉलवर्गीय द्रव्ये ठासून भरलेली असतात, आणि वर बहुशर्करांचा चिकटा. तयार संच वापरून आम्ही पहिल्या वर्षी नुसती तपकिरी लापशी काढली. नंतर सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात, फिनॉलांना आवर घालणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायने घालून, शेवटी लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसवला तेव्हा कुठे काम जमले. आपल्याला हे करायचे नाही हे खरे, पण उतरवलेल्या डेटातला एखादा नमुना इतरांपेक्षा विचित्र वागत असेल तर त्यामागे जीवशास्त्र शोधण्याआधी आरएनए खराब होता का हे पाहावे, एवढ्यासाठी लिहिले.

आकडेमोड

वरची दोन्ही उत्तरे वाचल्यावर मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो, आणि त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आपल्या दोन जातींचे नमुने एकाच प्रकल्पातले आहेत की एक जात एका प्रकल्पातून आणि दुसरी दुसऱ्या प्रकल्पातून घेतली आहे?

दुसरे असेल तर जात, बाग, हवामानाचे वर्ष, आरएनए काढण्याची पद्धत, वाचनयंत्र आणि वाचनांची लांबी हे सगळे एकाच गाठोड्यात बांधले गेले आहे. संख्याशास्त्राची कोणतीही पद्धत हे गाठोडे सोडवू शकत नाही. दुरुस्तीच्या नावाने जी साधने मिळतात ती प्रकल्पाचा परिणाम काढताना जातीचा परिणामही सोबत काढून टाकतील, कारण दोन्हींत गणिताला फरकच दिसत नाही. अशा वेळी एका जातीतील एक जनुक दुसरीपेक्षा किती पट वर आहे हे वाक्य लिहूच नये. प्रत्येक जातीच्या आत वेळेनुसार काय बदलले ते मात्र निर्धास्तपणे लिहिता येते, आणि दोन्ही जातींत बदलांचा क्रम सारखा आहे का हा प्रश्नही विचारता येतो. पेशीविभाजन आधी, मग फ्लॅव्होनॉइड उतरणे, मग लिग्निन चढणे हा क्रम दोन वेगळ्या प्रकल्पांत, दोन वेगळ्या जातींत तसाच सापडला तर तो निष्कर्ष उलट अधिक भक्कम होतो.

नमुने एकाच प्रकल्पातले असतील तर पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक टप्प्याला जैविक पुनरावृत्ती किती आहेत? एकाच झाडाची तीन फळे म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. तीन वेगळी झाडे हवीत. नंतर सर्व नमुन्यांचे मुख्य घटक विश्लेषण करून (यात एकमेकांसारखे नमुने जवळजवळ ठिपके म्हणून दिसतात) चित्र काढावे आणि ठिपके जातीनुसार गोळा होतात की वयानुसार ते पाहावे. माझा अंदाज असा आहे की लवकरच्या जातीचा ६० व्या दिवसाचा ठिपका उशिराच्या जातीच्या ६० व्या दिवसाच्या जवळ नसेल, तो बराच पुढे पळालेला असेल. आपल्या संग्रहात उशिराच्या जातीचे ८०, १०० दिवसांचे नमुने असतील तर तेही घ्यावेत, कारण लवकरच्या जातीच्या ६० व्या दिवसाची खरी जोडी कदाचित तिथे सापडेल.

फरक शोधण्यासाठी डीसेक-२ किंवा एज-आर ही संगणकीय साधने वापरत असाल तर प्रतिमानात जात आणि अवस्था असे दोन घटक व त्यांची परस्परक्रिया ठेवा, आणि अवस्था ही दिवसांवरून न ठरवता फळाच्या वाढीवरून ठरवा. फळाचा व्यास किंवा वजन मूळ प्रकल्पाच्या माहितीत दिलेले असेल तर ते पुरेसे आहे. या साधनांना कच्ची वाचनसंख्या द्यायची असते, टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण वाचने धरून काढलेला आकडा) नव्हे. ही चूक मी तपासलेल्या प्रकल्पांत इतक्या वेळा पाहिली आहे की न विचारताही सांगून टाकतो.

‘सक्रिय’ या शब्दाबद्दलही थोडे. आपण मोजता ती त्या क्षणी पेशीत असलेल्या संदेशवाहक आरएनएची पातळी. त्यातून प्रथिन किती बनले, ते किती काळ टिकले, विकर म्हणून किती वेगाने चालले हे पुढचे प्रश्न आहेत आणि आपल्या डेटात त्यांची उत्तरे नाहीत. ‘अमुक जनुकाची अभिव्यक्ती अधिक आढळली’ हे वाक्य कंटाळवाणे असले तरी खरे आहे. आपल्या मार्गदर्शकांनाही ते पटेल.

जनुकवाचक, कोल्हापूर

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री वसतिगृहात बसून सगळी मूळ माहिती पुन्हा वाचून काढली आणि जे सापडले ते प्रामाणिकपणे लिहिते.

आकडेमोड सर, आपली शंका खरी निघाली. दोन जाती दोन वेगळ्या प्रकल्पांतल्या आहेत. लवकरच्या जातीचे तिन्ही टप्पे एका प्रकल्पातून आणि उशिराच्या जातीचे दुसऱ्यातून मी घेतले होते, कारण तारखा जुळत होत्या आणि मला तेवढेच पुरेसे वाटले. त्याहून लाजिरवाणी गोष्ट डोंगरमाथा दादांनी विचारली ती. उशिराच्या जातीचे सर्व नमुने अख्ख्या फळाचे आहेत, पण लवकरच्या जातीच्या ६० व्या दिवसाच्या नमुन्याच्या वर्णनात ‘मध्यफलावरण’, म्हणजे फक्त गर, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे त्यात कोय नव्हतीच. जिथे कोयच नव्हती तिथे मी कोयीची जनुके शोधत होते आणि ती सापडली नाहीत म्हणून कोय मऊ आहे असे लिहिण्याच्या बेतात होते.

आज सकाळी मार्गदर्शकांना हे दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की बरे झाले, तोंडी परीक्षेच्या आधी निघाले. आता तो नमुना बाजूला ठेवला आहे आणि जातींमधली तुलना शीर्षकातून काढून टाकली आहे. प्रत्येक जातीच्या आत वेळेनुसार बदल, आणि बदलांचा क्रम दोन्हींत जुळतो का, एवढाच प्रश्न ठेवला आहे. उशिराच्या जातीचे पुढचे टप्पेही उतरवायला लावले आहेत. वसतिगृहाचे इंटरनेट पाहता आठवडा जाईल.

एकच प्रश्न उरतो. मग कोवळ्या फळाच्या अवस्थेत जातींमधला असा कोणताच फरक नाही का, जो अवस्थेच्या गोंधळाशिवाय, खरोखर जातीचा म्हणून दाखवता येईल?

काटेकोर

आहे की, आणि त्यातले काही फार सुंदर आहेत. वरच्या चर्चेमुळे जातींचा फरक म्हणजे फसवणूकच असे वाटू नये म्हणून लिहितो.

नेक्टरिन घ्या. नेक्टरिन हे वेगळे फळ नाही, ती लव नसलेली पीचच आहे, आणि लव नसणे हा अप्रभावी गुण आहे. इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की एमवायबी-२५ या नियामक जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये (अंतिम आरएनएमध्ये राहणाऱ्या भागात) एक उडी मारणारा डीएनए-तुकडा, म्हणजे रेट्रोट्रान्सपोझॉन, घुसल्यामुळे हे होते. लव कळीतल्या बीजांडकोशावरच उगवते, म्हणून हा फरक फुलोऱ्याच्या सुमारासच पाहायचा असतो. ६० दिवसांच्या फळात त्या जनुकाची वाचने मोजून काही हाती लागणार नाही. अशा जनुकाच्या बाबतीत एकूण वाचनसंख्येवर थांबू नये, वाचने जनुकाच्या कोणत्या भागावर बसली आहेत ते चित्रावर डोळ्यांनी पाहावे. मोडक्या जनुकाचाही अर्धामुर्धा आरएनए बनू शकतो आणि मोजणारे साधन त्याला बिनदिक्कत हजर लावते.

दुसरे उदाहरण चपट्या पीचचे. पेढ्यासारखे दिसणारे हे फळ परदेशी बाजारात आता सर्रास मिळते. चपटेपणा प्रभावी आहे, आणि त्याचे कारण ओएफपी-१ या जनुकाच्या जवळ डीएनएचा सुमारे १७ लाख अक्षरांचा तुकडा उलटा बसणे हे आहे. त्यामुळे त्या जनुकाची अभिव्यक्ती बदलते आणि कोवळ्या फळाची उभी वाढ दबते. फळ चपटे होणार की गोल हे फार लवकर ठरते, त्यामुळे ‘सुरुवातीच्या वाढीतील जनुकक्रिया’ हा आपला विषय इथे अक्षरशः लागू पडतो.

फळाच्या आकारमानाचाही विचार करता येईल. मोठ्या आणि लहान फळांच्या जातींमधला फरक बराचसा पेशींच्या संख्येतून येतो आणि ती संख्या पहिल्या अवस्थेतच ठरते. टोमॅटोत २००० साली पेशीविभाजनाला लगाम घालणारे एक जनुक सापडले होते, आणि त्याच कुळातील जनुके चेरी व पीचमध्ये फळाच्या आकाराशी निगडित ठिकाणांजवळ आढळली आहेत. बागायतदार विरळणी लवकर करायला सांगतात त्यामागेही हेच आहे. पेशींचे विभाजन चालू असताना स्पर्धा कमी केली तर फळ खरोखर मोठे होते, नंतर केली तर तेवढा फायदा होत नाही.

लवकर पिकणाऱ्या जातींबद्दलही एक गोष्ट आहे, जी डोंगरमाथा यांनी नक्की पाहिली असेल. दुसरी अवस्था आखूड असल्यामुळे फळ पिकते तेव्हा आतला गर्भ अर्धवटच असतो, आणि तसे बी पेरले तर सहसा उगवत नाही. म्हणून लवकरच्या जातींत संकर करणाऱ्यांना फळातून गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. कोय दुभंगण्याची तक्रारही लवकरच्या जातींत अधिक असते. आपल्या मार्गदर्शकांना कोयीचाच विषय हवा असेल तर तिथे खरा प्रश्न आहे, फक्त त्याला कोयीचे नमुने लागतील.

तांत्रिक सूचना एकच. पीचचा संदर्भ जनुकसंच, म्हणजे ज्याच्याशी वाचने जुळवून पाहतात तो, लोव्हेल या जातीच्या दुप्पट केलेल्या एकगुणित झाडावरून तयार झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ गुणसूत्रे, आणि पहिल्या आवृत्तीत प्रथिने घडवणारी २७,८५२ जनुके नोंदवली होती. दुसऱ्या आवृत्तीत ती २६,८७३ झाली आणि जनुकांचे क्रमांकही बदलले. जुन्या निबंधातले क्रमांक आणि आपले क्रमांक जुळत नसतील तर घाबरू नका, आधी आवृत्ती पाहा आणि रोझेसी कुळाच्या जनुकसंग्रहात मिळणारी रूपांतराची यादी वापरा.

डोंगरमाथा

दुभंगलेल्या कोयी भरपूर पाहिल्या आहेत. बाहेरून फळ निर्दोष दिसते आणि कापल्यावर कोयीच्या दोन फाका वेगळ्या होऊन मध्ये डिंक साठलेला असतो.

जनुकवाचक, आपल्या उशिराच्या जातीच्या प्रकल्पात फळाचा व्यास दिलेला नसेल तर एक आडमार्ग आहे. लिग्निनच्या मार्गातील चार-पाच जनुकांची आणि सायक्लिनची पातळी वेळेवर मांडून पाहा. सायक्लिन उतरून लिग्निन चढते तो सांधा म्हणजे साधारण पहिल्या अवस्थेचा शेवट. मात्र त्याच जनुकांवरून अवस्था ठरवून पुन्हा त्याच जनुकांबद्दल निष्कर्ष काढू नका, नाहीतर आकडेमोड यांचे पुढचे उत्तर मला सहन करावे लागेल.

आकडेमोड

लागेलच. अवस्था ठरवायला वापरलेली जनुके निष्कर्षाच्या यादीतून आधीच वगळा आणि ती कोणती हे पद्धतीच्या प्रकरणात नावानिशी लिहा.

जनुकवाचक, कोल्हापूर

व्यास दिलेला आहे, आत्ताच पुरवणी तक्त्यात सापडला. मिलिमीटरमध्ये, प्रत्येक टप्प्याला दहा फळांची सरासरी. ४० ते ६० दिवसांत तो जवळपास वाढलेलाच नाही.